दातांच्या डॉक्टरांच्या पानातला माझा खाजगी मजकूर

ती. मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? (थांबला नसेल तर तुम्ही अजून खिडकी उघडी टाकून झोपता, दुसरं काय!) मी मात्र खुशाल नाही. तुम्ही शब्द टाकून लावून दिलेल्या नोकरीला मी परवा लाथ मारली. का मारली, हे साहेबांच्या तोंडून तिखटमीठ लावून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हा खटाटोप.

आमचं काम तुम्हाला ठाऊकच आहे. डॉक्टर, वकील, दुकानदार यांच्या वेबसाइटची पानं बनवायची. प्रत्येक पानाची एक फाइल. तिच्यात मजकूर मी भरतो, तपासनीस काका (वय निवृत्तीला टेकलेलं, आवाज कधीच न ऐकलेला) तो वाचून चुका काढतात, आणि चित्रं ती करते. ती म्हणजे समोरच्या टेबलावरची. तिच्याविषयी सुरू झालो तर पत्र पोस्टात पडायचं नाही, म्हणून आवरतो. तर या फाइलमध्ये एक सोय असते. ठरावीक खुणांच्या आत लिहिलेलं वेबसाइट बघणाऱ्याला दिसत नाही. आपसातल्या निरोपांसाठीच ती जागा. शहाणी माणसं तिथे ‘हा रंग बदलू नये’ असलं काही लिहितात. मी दातांच्या डॉक्टरांच्या पानात, दाढ काढल्यानंतर घ्यायच्या काळजीच्या बरोबर खाली लिहिलं, ‘आज कामानंतर खाली चहा घ्यायचा का?’

दुपारी बघतो तर खाली उत्तर, ‘अवश्य.’ मामा, अवश्य! आजकाल कोण म्हणतं हो असं? माझी झोप उडाली. काम सुटताच धावत खालच्या कॅन्टीनमध्ये गेलो तर ती नाही, आणि तपासनीस काका मात्र माझ्यासमोर खुर्ची ओढून बसलेले. पुन्हा लिहिलं, पुन्हा ‘अवश्य’, आणि पुन्हा हा माणूस हजर! मी तोंड वाकडं करून दाराकडे बघत बसायचो, आणि हे बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवायचे. शेवटी कळवळून लिहिलं, ‘किती वाट बघायला लावायची माणसाला?’ उत्तर आलं, ‘समोर बसूनही असं म्हणावं?’ आता तुम्हीच सांगा, समोर कोण बसतं? ती! मी आठवडाभर हवेत होतो.

आता खरा गुन्हेगार ऐका. आमच्याकडे एक सॉफ्टवेअर आहे. फाइलची जुनी आणि नवी प्रत शेजारी शेजारी मांडतं, खोडलेलं लाल, नवं हिरवं, आणि प्रत्येक ओळीपुढे ती लिहिणाऱ्याचं नाव. हे महिनोन् महिने गुपचूप सगळं टिपत बसलं होतं आणि कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. परवा दातांचे डॉक्टर फोनवर कडाडले की दवाखान्याची वेळ कोणीतरी बदलली, रोगी गाल धरून कुलपासमोर उभे आहेत. (ती वेळ त्यांच्याच बायकोने फोन करून बदलायला लावली होती, हे संध्याकाळी निष्पन्न झालं. माझी कोणी माफी मागितली? नाव नको!) साहेबांनी सगळ्यांना बोलावलं, भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दोन्ही प्रती लावल्या आणि एकेक हिरवी ओळ नावासकट मोठ्याने वाचायला घेतली. माझी चहाची ओळ, पुढे माझं नाव. खाली ‘अवश्य’, पुढे... तपासनीस!

ऑफिस खिदळलं. ती म्हणाली, “अरे, मी फक्त चित्रांच्या फोल्डरमध्ये असते. ही फाइल मी जन्मात उघडलेली नाही.” आणि तपासनीस काका, ज्यांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, म्हणाले, “म्हणजे ते आमंत्रण मला नव्हतं?”

माणसाचं मन म्हणजे काय दवाखान्याची वेळ आहे, भिंतीवर लावून वाचायला? मी साहेबांना चार शब्द सुनावले (कॉलेज सोडताना प्राचार्यांना सुनावलेलेच, फक्त जास्त जोरात) आणि तिथल्या तिथे राजीनामा ठोकला. आता माघार नाही. तुम्ही समजूत घालायला फोन करू नका, मी उचलणार नाही.

तुमचा स्वाभिमानी भाचा

ता. क. आईला यातलं काही सांगू नका. ती तुमची बहीण आहे, एवढं लक्षात ठेवूनच बोला.

ता. क. २. तपासनीस काका काल जिन्यात भेटले. म्हणाले, “मला वाटलं, या पोरांत एकाला तरी माझ्याशी बोलावंसं वाटलं.” मी त्यांना चहा पाजला. बरे बोलतात हो.

ता. क. ३. आज माझ्या सगळ्या ओळी पुसायला ती फाइल उघडली, तर खाली एक नवी ओळ. ‘मला सरळ विचारलं असतं तर?’ आता माझा कशावरच विश्वास नाही, म्हणून त्याच नतद्रष्ट सॉफ्टवेअरमध्ये प्रती लावून नाव बघितलं. मग पुन्हा बघितलं. तिचंच आहे, मामा. तेव्हा साहेबांना ताबडतोब फोन करा आणि पोरगं तापट आहे, राजीनामा फाडून टाका म्हणा. सोमवारपासून मला ती फाइल उघडता येणार नाही आणि उत्तर लिहायचं राहिलंय. (समोरच बसते हे मलाही माहीत आहे. पण तोंडाने कसं सांगायचं?)