पत्र्याखालचा पारा

६ एप्रिल
हवामान यंत्राचा डिस्प्ले मेला. दुकानदार म्हणतो सुटा मिळत नाही, अख्खा संच घ्या. का म्हणून? गच्चीवरचा सेन्सर ठणठणीत, कांदाचाळीतला ठणठणीत. कंपनीत दिवसभर लोकांची पॅनेलं दुरुस्त करतो, मला हे जमणार नाही होय? रिसीव्हरचं मॉड्यूल मागवलंय.
तिसरा सेन्सर आईच्या खोलीत खिळ्याला असायचा. पाडव्याला आई दादाकडे राहायला गेली, तेव्हापासून सापडत नाही.

१० एप्रिल
सोल्डरिंग झालं. एरियल म्हणून वीतभर वायर. लॅपटॉपवर आकडे यायला लागले. सुनंदाला हाक मारली. पिठाच्या हातानं आली, "एवढंच?" म्हणून परत गेली. बायको असावी तर अशी.
गच्ची ३९. चाळ ३६. आणि तिसराही बोलतोय. ४३.
आईनं कपड्यांच्या गाठोड्यातून नेला असणार. पण दादाच्या घरात ४३ कुठून?

११ एप्रिल
दादाकडे जाऊन आलो. भिंतीला भिंत लागून घर. हॉलमध्ये यंदा ए.सी. आलाय आणि आईची खाट मागच्या पत्र्याच्या खोलीत. खताच्या गोण्या, फवारणीचा पंप आणि आई. वहिनी म्हणाल्या, "त्यास्नी ए.सी. सोसत न्हाई." आई पदरानं वारा घेत होती.
सेन्सर उशाशी. का आणलास विचारलं, तर म्हणे, "रातचं लुकलुकतं, सोबत वाटती."
जेवण गेलं नाही.

१३ एप्रिल
दादाशी वाजलं. आकडे दाखवले तर म्हणे, "तिकडं बसून माझ्या घरातलं चोरून बघतुयास व्हय?" आणि वर, "पाळी कुणाची हाय? दसऱ्याला तुझ्याकडं आली की ठेव तिला बर्फात."
पाडवा ते दसरा त्याच्याकडे, दसरा ते पाडवा आमच्याकडे. वाटणीच्या वेळी मामांनी ठरवून दिलेलं. आईला कुणी विचारलं नव्हतं. म्हणजे उन्हाळा दरवर्षी तिकडेच.
आईला म्हटलं चल. "पाळी मोडून आले तर गाव म्हनंल थोरल्यानं हाकलली. न्हाई येणार." ज्यानं पत्र्याखाली टाकलं त्याचीच अब्रू झाकत बसलीय.

१६ एप्रिल
शिफ्टवरून येऊन बघितलं. तिसरा दुपारभर २७! दादानं आईला हॉलमध्ये घेतलं तर. फार बोललो त्याला, असंही वाटून गेलं.
नंतर आर्द्रता बघितली. ९७. भर एप्रिलात, आमच्या गावात? ए.सी.त तर हवा कोरडी होते. काहीतरी गडबड आहे.

१७ एप्रिल
सुनंदा ताक घेऊन गेली होती. आई तिथंच, पत्र्याखाली. सेन्सर ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवलाय. आईनंच. सुनंदाला म्हणाली, "आकडा उतरला की दोघं भांडायची न्हाईत."
आता राग कुणावर काढू? अगं, फडकं भिजवायचंच तर स्वतःच्या अंगावर घे ना.

१९ एप्रिल
दूध घालायला गेलो. डेअरीवर दादानं चारचौघांत अडवलं. आईनंच त्याला सांगितलेलं, आता मशीनमध्ये गार दाखवतंय म्हणून. "काय रं, किती म्हंतंय तुझं मशीन? सांग की सगळ्यांना."
खरं सांगावं तर आई खोटी पडते.
म्हटलं, सव्वीस.
"मग? उगं माझ्या नावानं बोंबलत हुतास." सगळे हसले. मी किटली उचलून आलो. असा अपमान बापजन्मात झाला नव्हता, आणि तो मीच तोंडानं करून घेतला.

२० एप्रिल, सुट्टी
गच्ची ४१. तिसरा २६.
सुनंदा म्हणाली, "अहो, एवढ्या उन्हात फडकं घटकाभरात वाळतं. म्हणजे आत्याबाई दुपारभर उठून भिजवत असतील." हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. सव्वीस दिसतंय म्हणजे आई उठतेय.
जेवण झालं. २६. आडवा झालो, झोप नाही. २६. शिव्या घालत बघतोय, पण बघतोय.
आत्ता २९.
३१. झोपली असेल. एवढ्या उकाड्यात कोण झोपतं?
३४. सुनंदाला हाक मारली. जातोय.