ढवळ्याच्या रानातून जावयाचा अहवाल

महाड,
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप आप्पांच्या पायांशी धाकट्या जावयाचा उभ्यानेच नमस्कार.

(वाकूनच करणार होतो, पण उजवा गुडघा सध्या माझं ऐकत नाही. कारण पुढे येईलच.) खोकला कसा आहे? मागच्या वेळी दिलेली बाटली संपली असेल तर कळवा, आणि संपली नसेल तर का संपली नाही तेही कळवा. आईंना म्हणावं, वालाच्या शेंगा पोचल्या, मडक्यात लावलेली पोपटी झकास झाली. खरं तर फोनच करणार होतो, पण आमच्या घरात फोनवर बोललेलं स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जातं, आणि हा मामला तुमच्या-माझ्यातला आहे. म्हणून दुकानात बसून, औषधांच्या पावत्यांच्या पाठीवर लिहितोय.

दिवाळीत वरंधला तुमच्या पडवीत काय ठरलं होतं ते आठवत असेलच. अनुपमाने हिमालयातल्या गिर्यारोहणाच्या कोर्सचा ध्यास घेतलाय. अठ्ठावीस दिवसांचा कोर्स, चाळिशीच्या आतल्यांनाच घेतात, आणि तिला येत्या श्रावणात चाळीस पूर्ण होतात. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. मी हो म्हटलं, आमची लेक इरावती हो म्हणाली, पण "आप्पांनी हो म्हटल्याशिवाय मी जायची नाही" यावर तुमची लेक अडून बसली. (नववीत शर्यतीसाठी नाशिकला जाऊ दिलं नाहीत, दहावीच्या सहलीलाही नाही. तो विषय ती काढत नाही. मीही काढत नाही. आत्ता निघाला तो चुकून.) तेव्हा तुम्ही पान लावता लावता मला म्हणालात, "जावईबापू, रागावून ती ऐकायची नाय. तिला एकदा ढवळ्याच्या रानातून फिरवून आणा. तिसऱ्या दिवशी आपणच म्हणेल, घरी चला." मला ती युक्ती इतकी पटली की मी तिथल्या तिथे मान डोलावली. तर आप्पा, तिसऱ्या दिवशी "घरी चला" म्हटलं गेलं हे खरं आहे. पण ते मी म्हटलं. त्याआधी दोन दिवस अनिल म्हणत होता.

बरोबर माझे दोन मित्र होते. अनिल, ज्याचं बाजारपेठेत भांड्यांचं दुकान आहे, त्याने ओझं नको म्हणून पितळी तांब्या तेवढा आणला होता. रितेश शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून वाटेची जबाबदारी त्याच्याकडे. मी सहा किलो औषधं घेतली होती. उलटी, जुलाब, ताप, खाज, सगळ्यावर होती, फक्त गुडघ्यावरची नव्हती. उरलेलं सगळं, म्हणजे तंबू, दोर, तांदूळ आणि अक्कल, अनुपमाच्या पाठीवर होतं.

पहिल्या दिवशी चंद्रगड बघून रानाच्या वाटेला लागायचं होतं. ढवळे गाव मागे पडल्यावर दगडांवर फक्कीचे पांढरे बाण दिसू लागले. रितेश म्हणाला, हीच ट्रेकची वाट. अनुपमा म्हणाली, बाण ताजे आहेत, आधी कुणाला तरी विचारू. पण तिघे पुरुष आणि समोर बाण, विचारायचं कशाला? चार तास चाललो आणि एका वाडीच्या क्रिकेटच्या मैदानात निघालो! मैदान म्हणजे डोंगराच्या कुशीतला शेतासारखा तुकडा, चेंडू दरीत गेला की फलंदाज बाद. बाण होते ते बाहेरगावच्या संघांसाठी. त्यात मी टोपी-गॉगल लावलेला, आणि त्यांचे मुंबईचे पाहुणे अजून आले नव्हते. झालं! "आले, आले!" म्हणत मला खुर्चीत बसवलं, शाल घातली, नारळ दिला आणि हातात माइक दिला. आप्पा, मी नाही म्हणायला हवं होतं. पण महाडात इतकी वर्षं दुकान चालवूनही मला कुणी शाल घातली नव्हती हो. मी खेळाचं महत्त्व या विषयावर पंचवीस मिनिटं बोललो. त्यात "आपल्या लेकीबाळींनाही मैदानात उतरवा" असंही ठणकावून सांगितलं. (माझ्या तोंडून हे निघालं तेव्हा अनुपमाने माझ्याकडे पाहिलं. मी नारळाकडे पाहिलं.)

मी भाषण करेपर्यंत तिने बायकांकडून पाणी भरून घेतलं, भाकऱ्या बांधून घेतल्या आणि घाटाची वाट ठाऊक असलेल्या काशीरामला तयार केलं. हा काशीराम सत्तरीचा, पायात रबरी चप्पल. किती लांब आहे विचारलं की म्हणायचा, "इथंच तर हाय." त्याचं ते 'इथंच' दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झालं ते ऊन कलेपर्यंत आलं नाही. कारवीचं रान इतकं दाट की पुढच्याची पाठ दिसेना. कोरड्या ओढ्यातले धोंडे घराएवढे. अनिल एका धोंड्यावर बसला आणि म्हणाला, मला इथेच राहू द्या, बायकोला सांगा सुखात आहे. अनुपमाने त्याला गूळ खायला घातला आणि तांब्या स्वतःच्या पिशवीला बांधला. तासाभराने काशीराम थांबला आणि तिला म्हणाला, "ताई, तुम्ही फुडं व्हा. मी मागून ह्या तिगांना हाकत आणतो."

तिसऱ्या दिवशी शेवटच्या चढाला सुट्या मुरमाचा घसारा लागला. आता हसू नका, हे खरं आहे. माझा पाय सुटला, गुडघा मुरगळला आणि मी दरीच्या अंगाला सरकलो. ओरडायलाही सुचलं नाही. अनुपमाने माझ्या पिशवीचा पट्टा एका हाताने धरला, दुसऱ्या हाताने झाडाचं मूळ, आणि अगदी शांतपणे म्हणाली, "अहो, खाली बघू नका. माझ्याकडे बघा. डावा पाय वर." मी बघितलं. सोळा वर्षं रोज बघतोय, पण इतकं नीट कधी बघितलं नव्हतं आप्पा. चेहऱ्यावर भीती नाही, घाई नाही, माझ्यावर राग तर नाहीच. मग मला मिळालेली शाल तिने फाडून गुडघ्याला बांधली, पुढचा कातळ स्वतः आधी चढली, दोर सोडला आणि काशीराम खालून हाकत असताना आम्हा तिघांना एकेक करून वर घेतलं.

वर पोचलो तर महाबळेश्वरचा आर्थर सीट पॉइंट! कठडा, मोटारी, मक्याची कणसं. एका गृहस्थाने मला फोटोतून बाजूला व्हायला सांगितलं. अनिलने चार कणसं खाल्ली आणि रडला. अनुपमा मात्र कठड्याशी उभी राहून, आलो ती दरी बघत होती. मी विचारलं, दमलीस का? म्हणाली, "अजून दोन दिवस असते तर!" आपली युक्ती फसली हे मला तिथेच कळलं. पोलादपूरपर्यंत एसटीत मी पाय लांब करून दोन जागा अडवल्या आणि ती उभी राहून आली.

आईंना नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमचा (सध्या लंगडा),
हर्षद

ता.क. युक्ती तुमची होती, पण तिच्याआड लपलेला मीही होतो. 'हो' मी तोंडाने म्हटलं होतं, आणि आप्पा आहेत ना नाही म्हणायला, या भरवशावर म्हटलं होतं. आता मनापासून म्हणतोय. तुम्हीही म्हणा. फॉर्मची शेवटची तारीख शनिवार आहे. फोन माझ्या नंबरवर नको, तिच्या नंबरवर करा.

दुसरा ता.क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात ती डबा घेऊन दुकानात आली आणि पत्र वाचलं. आपलं ठरलेलं तिला दिवाळीपासूनच ठाऊक होतं. (आईंनी त्याच संध्याकाळी सांगितलं होतं.) मी म्हटलं, अगं, मग आलीस कशाला? तर म्हणाली, "आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदाच मला कुठेतरी पाठवलं होतं. नाही कसं म्हणणार?"