शुक्रवारी घातलेली ओळ

बुधवार, ११ जून

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण आईपेक्षा कमीच. फोन का नाही केला म्हणशील, तर तू नुसतं "बोल गं" म्हणालास की माझी बोबडी वळते. दोनदा वळली. दोन्ही वेळा इस्त्रीची वायर कुठे मिळते ते विचारून मी फोन ठेवला. इस्त्री ठणठणीत आहे.

हॉस्पिटलात तुझ्या जागी अजून कोणी आलं नाही. सर्व्हर मी एकटीच सांभाळते.

परवा वहिनी भेटली. म्हणाली, "कुलूप लावून दोनदा जिना चढून येतात, लागलंय का बघायला. माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही म्हणतात." मी हसण्यावारी नेलं आणि घरी येऊन खूप रडले.

आता सांगतेच. आपल्या सर्व्हरवर दोन अॅप्लिकेशन होती, डॉक्टरांचं आणि औषधखिडकीचं. एकाच सर्व्हरवर राहूनही त्यांना एकमेकांची माहिती दिसत नव्हती. त्या शुक्रवारी तू सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घातलीस आणि डॉक्टरांनी लिहिलेलं 'हे औषध चालत नाही' खिडकीच्या पडद्यावर लाल अक्षरांत उमटलं. तू मला हाताला धरून नेऊन दाखवलंस. "बघ भिंगरे, आता कोणी चुकणार नाही!"

शनिवारी तू सुट्टीवर होतास. मी खिडकीच्या अॅप्लिकेशनचं नवीन व्हर्जन चढवलं आणि सर्व्हर उठेचना. खाली रांग वाढत होती. मी घाबरून गुरुवारची जुनी सेटिंग फाइल उचलून टाकली. सर्व्हर सुरू झाला आणि मी खुशाल चहाला गेले. त्या जुन्या फाइलमध्ये तुझी ओळ नव्हती.

सोमवारी त्या सुतारकाकांना खिडकीवरून न चालणारं औषध दिलं गेलं. चेहरा सुजला, श्वास अडकला, चार दिवस मृत्यूशी झुंजले. नशीब, चालत घरी गेले. मोठ्या साहेबांनी विचारलं, "ओळ घातली होती का?" तू म्हणालास, "घातल्याचं आठवतंय... पण कदाचित चाचणीच्या मशीनवर घातली असेल." मी तुझ्या शेजारीच उभी होते. मला सगळं कळलं होतं, तरी मी मूग गिळून बसले. त्याच दुपारी तू राजीनामा दिलास.

आज सकाळी बॅकअपमधली तुझी शुक्रवारची फाइल आणि मी टाकलेली गुरुवारची, दोन्ही तारखांसकट छापून साहेबांसमोर ठेवल्या. त्यांनी दोन्ही कागदांवरच्या तारखा ताडून बघितल्या. मग विचारलं, "त्याला सांगितलंस?" मी नकारार्थी मान हलवली. "मग आधी ते कर." माझं काय करायचं ते सोमवारी ठरेल. जे ठरेल ते ठरो.

तू परत कामावर ये, असं म्हणायला मला तोंड नाही. माफी तरी कशी मागू? हवं तेवढं रागाव, वर्षभर बोलू नकोस. पण दादा, हे वाक्य वहिनीला मोठ्याने वाचून दाखव: तू काहीही विसरला नव्हतास. तू ओळ घातली होतीस, खऱ्या मशीनवर घातली होतीस, आणि मी ती माझ्या डोळ्यांनी बघितली होती.

बहीण म्हणायचं की नाही ते तू ठरव,
मी तुझीच,
भिंगरी