स्पोक की मॅग

४ मार्च
हिची सहा महिन्यांसाठी बदली. दीडशे किलोमीटर. आज बसमध्ये बसवून आलो. शब्द दिला, दर शनिवारी मोटरसायकलवर येईन. घर फार रिकामं वाटतंय. आधी फक्त चाकं बदलायला हवीत. जुन्या चाकांवर एवढा रस्ता म्हणजे बेजबाबदारपणा.

८ मार्च, सकाळी
प्रश्न सोपा आहे. तारांची स्पोक की एकसंध ओतीव मॅग? दुपारपर्यंत निकाल लावणे आणि निघणे.

८ मार्च, संध्याकाळी
स्पोक. खड्ड्यात आदळलं तर वाकतं, पण मोडत नाही. मेकॅनिक म्हणाला, लगेच बसवतो. मी म्हटलं, उद्या. ट्यूब आडरस्त्याला पंक्चर झाली तर काय, याचा विचार व्हायचाय.

१५ मार्च
मॅग. ट्यूबलेस. शिवाय माझा स्वभावही मोडेन पण वाकणार नाही असाच. हे हिला फोनवर समजावलं. ही म्हणाली, तुम्ही मोडतही नाही, वाकतही नाही, तुम्ही स्टँडवर असता. विषय तांत्रिक आहे. तिला वेळ लागेल.

२३ मार्च
मेहुणा बहिणीला भेटून आला. मॅग व्हीलवर. विचारलं, कोणता अभ्यास करून घेतली? म्हणाला, गाडीबरोबरच आली. अशा माणसाशी काय डोंबल बोलणार! टायरमधल्या हवेबद्दल मात्र सविस्तर चर्चा झाली. ही कशी आहे, ते विचारायचं राहिलं.

६ एप्रिल
ही म्हणते, बसने या. बसने काय, कुणीही जाईल. शब्द मोटरसायकलचा होता.

१९ एप्रिल
मध्यममार्ग सुचला! पुढे स्पोक, मागे मॅग. मेकॅनिकने विचारलं, एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घालून कामाला जाता का? दुर्लक्ष केलं. जुनी चाकं मात्र काढायला लावली, म्हणजे माघार नाही. गाडी विटांवर. आता मन एकाग्र होईल.

३ मे
हिला ताप. मेहुणा लगेच गेला. मीही निघालोच होतो. हेल्मेट घालून खाली उतरलो, तर गाडीला चाकं नाहीत. बस पकडावी असं वाटलं. खूप वाटलं. पण इतके दिवस नाही नाही म्हणून आता बसमधून उतरायचं कोणत्या तोंडाने? तेवढ्यात ताप उतरल्याचा फोन आला. म्हणजे थांबलो तेच योग्य.

१७ मे
अखेर ठरलं. मॅग. परवा बसणार. हिला सांगायला फोन केला. ही म्हणाली, बदलीची मुदत तीन वर्षांनी वाढवून घेतलीय. अर्ज तिनेच केला, तापातून उठल्यावर. खोलीही बघितलीय, एका माणसाला पुरेल अशी. मी म्हटलं, अगं, पण आता चाकं ठरली! तिने विचारलं, जेवलात का?

१८ मे
काल जेवलो नाही. नुसता बसून होतो.
पण शांतपणे पाहिलं तर बरंच झालं. तीन वर्षं हातात आहेत. सकाळीच जाऊन मेकॅनिकला थांबवलं. स्पोकचा म्हणावा तसा विचार झालाच नव्हता.