टोकियोच्या सॉफ्टवेअरमध्ये कोथरूडची वेळ

हिगाशी-कसाई, टोकियो, शनिवार

ती. बाबा यांस,

देवदत्तचा साष्टांग नमस्कार. गुडघ्याला नवीन तेल मानवलं असेल आणि टेकडीवर तुम्ही पुन्हा सगळ्यांना मागे टाकत असाल, असं धरून चालतो. तुमची लेक कादंबरी मजेत आहे. (जरा जास्तच, त्याकडे येतोच.) फोन सोडून पत्र अशासाठी की या फ्लॅटच्या भिंती पातळ आहेत आणि विषय नाजूक. माझं इथलं कंत्राट याच महिन्यात वाढायचं किंवा संपायचं होतं.

ऑफिसात माझ्यासमोर दिवसभर शेल नावाची एक काळी खिडकी उघडी असते; तिच्यात आज्ञा टाइप केली की कॉम्प्युटर कामाला लागतो. एका ढगाळ दुपारी मी तिच्या सेटिंगमध्ये एक ओळ घातली : वेळ पुण्याची दाखव. कारण काही नाही हो. इथे साडेनऊ म्हणजे तिथे सहा, आणि मला वाटायचं, बाबा आत्ता पहिली चढण चढत असतील, खाली कोथरूड धुक्यात पेंगत असेल... आमचे साहेब मोरी-सान मीटिंगमध्ये आकडे सांगायचे आणि मी आपला मनाने तुमच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या कुरडयांशेजारी. फार बरं वाटायचं.

बुधवारी एका डबेवाल्या कंपनीचं ऑर्डरचं सॉफ्टवेअर बंद पडलं. एरवी ते सर्व्हरवर आपोआप सुरू होतं. मी हौसेने माझ्या शेलमधून सुरू केलं. शेलमधल्या अशा ओळीला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात, आणि तिथून जे सुरू होतं ते ती मुकाट्याने उचलतं. सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फाइलीत टोकियोची वेळ होती, पण दोघांची जुंपली आणि शेल वरचढ ठरला. गुरुवारी स्वयंपाकघराला नऊला जायची यादी पुण्याच्या नऊला गेली, म्हणजे इथे साडेबाराला! तीनशे सत्तर माणसं चॉपस्टिक्स काढून बसलेली आणि डबा नाही. मोरी-सान आणि मी कंबरेत वाकून माफी मागत हिंडलो. वाकल्या वाकल्या मनात आलं, बाबांचा दुसरा चहा झाला असेल. (काय करू, सवय.)

मोरी-सान रागावले असते तर परवडलं असतं. कंत्राट आता थांबवू या, असं ते इतक्या हळू म्हणाले की मी आधी मान डोलावली आणि मग मला अर्थ कळला. खरं सांगू? मला आतून बरं वाटलं. पण कादंबरी! तिची सायकल, तिचा नदीकाठ, बेकरीतली नोकरी... तिला हे सांगायची माझी छाती होत नाही.

आईंना नमस्कार.

आपला,
देवदत्त

ता. क. : खरं काम असं की तुम्ही कादंबरीला फोन करून 'आता करमत नाही, परत या' म्हणावं. आवाज खोल काढावा, पण खोकू नये. ती लगेच डॉक्टर गाठेल. मग मी तुमच्यासाठी नोकरी सोडल्यासारखं करीन.

ता. क. २ : बाबा, मी कादंबरी. यांनी पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, पाकीट न चिकटवता. त्या नदीकाठी सायकल थांबवून मी कितीदा रडलेय. परत चला म्हणायचं वर्षभर ओठांवर होतं, पण यांना इथे किती आवडतं म्हणून गप्प राहिले. तुम्ही फोन कराच. मी थोडे आढेवेढे घेईन. फक्त लवकर करा, मी बॅगा भरायला घेतल्यात आणि या फ्लॅटमध्ये त्या लपवायला जागा नाही.