पुठ्ठा घातलाय म्हणालो

४ मे, रविवार
आप्पांचं, म्हणजे वडिलांचं, शाईचं पेन दुरुस्त होऊन आलं. आप्पा गेल्यापासून कपाटात पडून होतं. आज पहिली ओळ लिहिली नि शाई फुटली. पेनाचा दोष नाही, वहीचा. इकडे लिहावं तर मागच्या पानावर उलटं उमटतं. शाहूपुरीतली स्टेशनरीची दुकानं पालथी घातली. एकजण म्हणाला, "सर, जेल पेन वापरा की. शाई कोण भरत बसतंय आता?" मी बसतोय. फिजिक्सच्या मास्तरला मे महिन्यात दुसरं काम काय?

७ मे, बुधवार
कागद मिळाला! छापखान्यातल्या बाइंडरने गुळगुळीत कागदाच्या पातळ वह्या शिवून दिल्या. शाई जागच्या जागी. आता फक्त कव्हर पाहिजे. आतली वही संपली की काढायची, नवी सरकवायची, कव्हर जन्मभर तेच.
जेवताना बोललो. आमची आई, आव्वा, लगेच, "तुझ्या आप्पांचा खादीचा सदरा हाय की. खोळ शिवतो मी." आप्पांचं बाकी सगळं तिने वाटून टाकलं होतं. तो सदरा तेवढा ठेवला होता. नको म्हणवेना.

११ मे, रविवार
खोळ झाली. टाके एकसारखे, ह्या वयात. पण कापडच ते. मांडीवर धरून लिहायला गेलो की वही लोळते.
तोंडाने म्हणालो, "एक नंबर, आव्वा."

१५ मे, गुरुवार
चपलांच्या गल्लीत जाऊन आलो. चपलांसाठी नव्हे. आम्ही जैन, त्यात आव्वा कडक, घरात चामडं येत नाही. माझा पट्टा रेक्झिनचा. कारागिराला वहीचं माप दिलं. तो माझ्या पायातल्या रबरी चपलांकडे बघून हसला. "पावणं, पायाला कातडं नको नि वहीला पायजे व्हय? देतो की करून. तुमच्यामागं नातू वापरंल."
कॉलेजच्या टेबलात ठेवीन, घरी नेणारच नाही, असं ठरवलंय.

२० मे, मंगळवार
घरी आणलं.
काय बेतलंय! आत ताणलेली दोरी, तिच्यात वही चपखल बसते. कुठेही धरा, पेन पळतं. वासही आवडला, हे इथेच लिहितो. दिसू नये म्हणून वरून आव्वाची खोळ चढवली. ती तर अशी बसली, जणू त्याच मापाची.
आव्वाने हातात घेतली. "बघ, आता कशी ताठ बसली!"
"पुठ्ठा घातलाय आत," म्हणालो. विचार न करता.
बायकोने, सुनीताने, माझ्याकडे पाहिलं. तिचं नाक तिखट आहे, वास ओळखला असणार. नंतर स्वयंपाकघरात म्हणाली, "आजच सांगा. मागनं कळलं तर जेवायच्या न्हाईत त्या." रविवारी सांगतो म्हणालो.

२५ मे, रविवार
नाही सांगितलं. पाहुणे होते.
पाहुणे चारलाच गेले, खरं म्हणजे.

३१ मे, शनिवार. श्रुतपंचमी
आज शास्त्रांची पूजा. आव्वाने पाटावर धुतलेलं वस्त्र घालून ग्रंथ मांडले. मग मला म्हणाली, "तुझी वही आण. आप्पांच्या पेनानं लिवतोस, तीबी विद्याच की."
आणून दिली. माझ्या हाताने.
तिने ती ग्रंथांना लागून ठेवली. गंध लावलं, अक्षता वाहिल्या, कपाळ टेकलं. सुनीता उठून आत गेली. मी हात जोडून उभा. वर्गात ओरडून ओरडून घसा बसतो माझा, आज 'आव्वा, थांब' एवढं निघालं नाही. खोळीवर गंधाचा डाग आहे. त्यावर हात ठेवून लिहितोय, लाज वाटते.

२ जून, सोमवार
आव्वाच्या डोक्यात नवीनच. बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरातल्या, ग्रंथांना अशाच खोळी शिवायच्या. "तो पुठ्ठा कुठं गावला तुला? तसलाच आण. देवळातल्या शास्त्रांस्नी घालू."
"बघतो," म्हणालो.
बघतो! काय बघणार आहे मी?

४ जून, बुधवार
कॉलेजातून आलो, टेबलावर वही नाही. सुनीता म्हणाली, "आव्वा बस्तीत घेऊन गेल्यात. बायकांना नमुना दाखवायला." तसाच गाडीवर बसलो. फाटकावर पाटी, चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवाव्यात. लहानपणापासून वाचतोय ती.
आव्वा पायऱ्या उतरत होती, पिशवी छातीशी धरून. मागून शेजारच्या काकू, "आव्वा, पुठ्ठा लईच मऊ हाय की हो! कुठला?" आव्वाने बोटं नाकाशी नेली नि पिशवी छातीपासून लांब धरली. मला म्हणाली, "चल घरी." गाडीवर बसली नाही. पुढे चालत राहिली, मी मागे गाडी ढकलत.
घरी आल्या आल्या परत न्हाणीत गेली. पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता. वही तिच्या पिशवीत. हे कॉलेजच्या एका परिपत्रकाच्या पाठीवर लिहितोय. शाई फुटतेय.

५ जून, गुरुवार
सकाळी दोरीवर खादीची खोळ, धुऊन घातलेली. टेबलावर आतली वही, तेवढीच काढून नीट ठेवलेली. तिच्यावर पेन. कव्हर कुठेच नाही. शेवटी सापडलं. दाराबाहेर, चपलांच्या कपाटात, माझ्या रबरी चपलांशेजारी. टाकलेलं नव्हतं. पुसून ठेवलेलं.
आव्वा जपाला बसलेली. सुनीता हळूच म्हणाली, "उपास धरलाय त्यांनी." आज अष्टमी नाही, चतुर्दशी नाही, नेमाच्या उपासाचा दिवसच नाही.
समोर जाऊन बसलो. "आव्वा, कसला उपास?"
माळ थांबली नाही. "माझा हाय. तू जेव." पुढचा मणी ओढून, "खोळ दुपारपतूर वाळंल."
वाळल्यावर ती कशावर घालायची?
ताट वाढलेलं आहे. सुनीता दोनदा हाक मारून गेली.