उद्यानातील सूर्यघड्याळाची चूक तशीच ठेवणेबाबत

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
नगर उद्यान विभाग.

विषय : सूर्यघड्याळाच्या दगडावरील चुकीची रेषा कृपया दुरुस्त न करणेबाबत.

संदर्भ : १) ती तातडीने दुरुस्त करावी, असा अर्जदाराचाच पूर्वीचा अर्ज.
२) तो मंजूर केल्याचे आपले पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार, व्यवसायाने शाळेतील संगणक शिक्षिका, सविनय सादर करते की, सदर सूर्यघड्याळाचा आराखडा तिने स्प्रेडशीटमध्ये तयार केला होता. सूर्य वर्षातले काही दिवस घड्याळाच्या पुढे असतो, काही दिवस मागे. हा फरक तारखेनुसार दाखवणारी रेषा दगडावर कोरायची होती. पहिल्या खेपेस अर्जदाराने कोन अंशांत भरले. संगणकाला ते रेडियनमध्ये हवे होते. पडद्यावर लोकरीचा गुंता उमटला. अर्जदाराचे सासरे घड्याळजी. नजर अधू झाल्यामुळे त्यांनी दुकान बंद केले आहे. ते पडद्याला नाक लावून म्हणाले, "सूनबाई, इतकं भरकटलेलं घड्याळ मी दुरुस्तीलासुद्धा घेतलं नसतं."

चूक सुधारल्यावर दोन चढ, दोन उतार अशी नागमोडी रेषा आली. ती तक्त्यासह आपल्या विभागाकडे पाठवली. आपल्या संगणक शाखेतील गृहस्थांना त्यातले आकडे कधी वर, कधी खाली, असे अस्ताव्यस्त वाटले. आपल्याकडे कोणतेही विवरणपत्र चढत्या क्रमाशिवाय वर जात नाही. सबब त्यांनी आकड्यांचा तेवढा रकाना चढत्या क्रमाने लावला आणि तारखा जागच्या जागी ठेवल्या. पाथरवटाने ती रेषा मन लावून कोरली. दिसायला ती सुबक आहे, हे अर्जदार मान्य करते. परंतु तिच्याप्रमाणे सूर्य वर्षभर पुढे पुढे जातो आणि वर्षाच्या शेवटच्या रात्री एकदम अर्धा तास मागे येतो.

हे निदर्शनास आणताच, सूर्य मंजूर आराखड्यानुसार का चालत नाही, याचा खुलासा अर्जदाराकडे मागण्यात आला. तो दिला असता 'संबंधितांचे म्हणणे जोडलेले नाही' या शेऱ्यासह परत आला. अर्जदार तरीही नेटाने पाठपुरावा करत राहिली आणि अखेर आपण दुरुस्ती मंजूर केलीत. उद्या पाथरवट येणार आहे.

दरम्यान जे घडले ते अर्जदाराच्या उशिरा लक्षात आले. सासरे रोज सकाळी कोट चढवून सूर्यघड्याळाशेजारी जाऊन बसतात. मनगटावरचे काटे त्यांना दिसत नाहीत, पण दगडावरची रुंद सावली दिसते. खरा तक्ता अर्जदाराने वाचून दाखवला होता, तो त्यांना तोंडपाठ आहे. पोस्टमन, शाळेत मुले सोडणाऱ्या आया, समोरच्या बँकेचा पहारेकरी, सगळे आता दगडाकडे न बघता त्यांनाच विचारतात. "दगड सव्वादहा म्हणतोय. तुम्ही दहाच धरा," असे ते सांगतात, आणि दहाच वाजलेले असतात. दुकान बंद झाल्यापासून त्यांना कोणी काही विचारले नव्हते.

आपले मंजुरीपत्र अर्जदाराने त्यांना मोठ्या उत्साहाने वाचून दाखवले. "बरं झालं. चूक ती चूकच," एवढेच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोट घातला नाही. अर्जदाराला फार वाईट वाटले आणि स्वतःच्या पाठपुराव्याचा रागही आला.

तरी मंजूर काम रद्द करता येत नसल्यास, पाथरवटाने खरी रेषा त्याच दगडाच्या मागच्या बाजूस कोरावी. म्हणजे आपल्या दप्तरी काम पूर्ण होईल आणि सूर्यावरही अन्याय होणार नाही. सासऱ्यांच्या पश्चात दगड फिरवून घ्यावा. त्यासाठी अर्जदार स्वतः अर्ज करील. कृपया स्मरणपत्र पाठवू नये.

आपल्या होकाराच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
(स्वाक्षरी)
संगणक शिक्षिका, घड्याळजींची सून

दिनांक : पाथरवट येण्याच्या आदल्या दिवशी

सोबत : मूळ तक्ता (कृपया चढत्या क्रमाने लावू नये).